पक्का जोड

मशीनने दोन्ही टोकं ओढली आणि प्लास्टिकची पट्टी तटकन तुटली. चिकटवलेला जोड मात्र तसाच राहिला. "पास!" वैजयंती ओरडली. "जोड सुटण्याआधी वस्तू तुटली पाहिजे, हाच आमचा नियम."

या प्लास्टिकवर कुठलाच गोंद टिकत नसे. लाटांचा मार खाऊनही खडक न सोडणाऱ्या शिंपल्यांकडून शिकून तिने गोंदाखाली लावायचा थर बनवला होता.

समोर बसलेले कोठावळे उंदरांचे चिकट सापळे बनवत. "आमचे ट्रे याच प्लास्टिकचे. गोंदच त्यांच्यावरून सुटतो हो, मॅडम. उंदीर गोंदासकट पळतो."

"आता पळून दाखवू दे," म्हणत तिने त्या थराची बाटली दिली.

आठवड्याने ते हसतच आले आणि त्यांनी सापळा टेबलावर ठेवला. गोंदात नुसता एक पाय होता, मांडीपाशी कुरतडलेला.

"स्वतःच तोडला त्याने. बाकीचा उंदीर दाराशी मरून पडला होता. पण गोंद बघा, हललासुद्धा नाही!"

वैजयंतीने तोंड फिरवलं. मग सवयीने वळून ट्रेच्या कोपऱ्यातला गोंद नखाने उचकटून पाहिला. निघाला नाही.

"पास," ती म्हणाली.