घरचं माणूस

वर्षाराणीनं भाताच्या लावणीला पाठवलेली बाई तासाभरातच चढ चढून परत आली. पायाला चिखल नव्हता. हातातला जेवणाचा डबाही तसाच होता.

काय झालं, असं वर्षाराणीनं विचारल्यावर ती ओट्यावर टेकली.

"चा पाजला आन् माघारी लावून दिलं. धोंडुबाई म्हणल्या, मजुरीचं माणूस आमास्नी बी मिळतंय की. घरचं माणूस पायजे हुतं."

दिवसभराची हजेरी मात्र तिनं पुरती मागून घेतली आणि पलीकडच्या वाडीची वाट धरली. वर्षाराणी गॅलरीत उभी राहिली. याच गॅलरीसाठी तिनं गेल्या उन्हाळ्यात हे कौलारू घर घेतलं होतं. समोर नदीपर्यंत उतरत गेलेली भाताची खाचरं आणि नदीपल्याड राधानगरीच्या जंगलाचे डोंगर. कोल्हापुरातली शाळेची नोकरी संपली होती, नवराही गेला होता. उरलेलं आयुष्य हे बघत काढायचं, असं तिनं ठरवून टाकलं. मुलाला, पृथ्वीराजला, ते मुळीच पटलं नाही. माणसांत मिसळलीस तर ठीक, नाहीतर दिवाळीला घर विकायचं, असा शब्दच त्यानं तिच्याकडून घेतला होता.

आणि खरं सांगायचं तर हे मिसळणं अजून ओट्याच्या पायरीशीच अडलं होतं. माणसं वाईट नव्हती. दूध आणून देत, "पावणं, बरं हाय न्हवं?" असं विचारत आणि पुढं जात. पाहुण्याला यापेक्षा जास्त कोण काय विचारणार?

महिन्यापूर्वी मागच्या परड्यातली दगडी भिंत पावसानं ढासळली. सकाळी ती उठून बघते तो शेजारच्या धोंडुबाईचा मुलगा केरबा आणि आसपासची चार माणसं दगड रचायला लागलेलीसुद्धा होती. कुणाला बोलावणं गेलं नव्हतं. दुपारपर्यंत भिंत उभी राहिली. तिनं पैसे पुढं केले तसा केरबा मागं सरला आणि पैरा आहे, राहू द्या, एवढंच म्हणाला. पैरा म्हणजे आज आम्ही तुमच्यात, उद्या तुम्ही आमच्यात. कामाची फेड कामानं. हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच काल संध्याकाळी धोंडुबाई अंगणातून, आमच्यात उद्या रोपलावण हाय, एक माणूस लावून द्या, असं सांगून गेली तेव्हा तिला कोण आनंद झाला. आपल्याकडंही कुणी काही मागितलं! मग तिनं मोठ्या हौसेनं माणूस शोधलं. आता शहरात वाढलेल्या डोक्याला माणूस द्या म्हटलं, की ते भाड्यानं आणायचंच सुचणार.

तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. एकदाच दार किलकिलं झालं होतं, तेही आपल्याच हातानं लावून घेतलं की काय?

घरचं माणूस शोधायचं तर आरशासमोरच उभं राहायला हवं होतं. तिनं जुनी साडी नेसली, ओचा खोचला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि गुडघ्यांना समजावत उतार उतरली.

खाचरात बायकांची ओळ वाकलेली होती. तिला बघून कुणी 'या' म्हटलं नाही. धोंडुबाईनं मान वर करून एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पण ओळ जराशी सरकली, मध्ये एका बाईपुरती जागा झाली. धोंडुबाईच्या सुनेनं, स्वप्नालीनं, तिच्या हातात रोपाची पेंडी दिली.

उलट पावली मागं सरत रोपं टोचत जायचं. बघताना किती सोपं! तिनं लावलेली निम्मी रोपं पाण्यावर तरंगू लागली. स्वप्नाली आपल्या वाट्याची पात सांभाळता सांभाळता हात लांबवून ती पुन्हा खोचत होती. कंबर दुखायला लागली. पावसाची सर आली आणि गेली. डोंगर कुठं होते, नदी कुठं होती, कोण जाणे. वर्षाराणीला दिसत होता तो चिखल आणि स्वतःचे दोन हात.

वरच्या रस्त्यावर एक मोटार थांबली. छत्री घेतलेलं एक जोडपं उतरलं. फोटो काढून झाले. मग त्यातला पुरुष बांधाशी आला आणि सगळ्यांत जवळ होती तिलाच, म्हणजे वर्षाराणीला, त्यानं हाक मारली.

"मावशी, ते वरचं कौलारू घर कुणाचं आहे हो? तिथून काय सुंदर दिसत असेल सगळं. मालक विकतील का?"

बायकांचे हात थांबले. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. स्वप्नालीसुद्धा. वर्षाराणी कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. पृथ्वीराजला दिलेला शब्द आठवला, सकाळची चूक आठवली. आपण या बायकांच्या देखत काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं?

"न्हाय मिळायचं," धोंडुबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली. "आमच्या पैऱ्यातलं घर हाय ते."

तो माणूस काही न कळून हसला. बायकोला हातानं नाही अशी खूण करत गाडीकडं गेला. गाडी निघून गेली तरी वर्षाराणी तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसावं तर दोन्ही हात चिखलानं भरलेले.

तिच्या पुढ्यात पाण्यात रोपाची नवी पेंडी येऊन पडली.

"बघत काय उभारलीस गं?" धोंडुबाई म्हणाली. "तुझी पात मागं राहिलीया."