निवांत घरी जा

बाकीचे फादर माश्या मारत बसलेले असले, तरी मठातल्या म्हाताऱ्या फादरांपुढे पापांची कबुली द्यायला रांग असायचीच. त्यांचे कान केव्हाच गेले होते, पण ही एवढी सेवाही हातची जाईल म्हणून ते कुणाला पत्ता लागू देत नसत. कबुलीच्या खिडकीतल्या जाळीपलीकडचे ओठ हलायचे थांबले, की मायेने म्हणायचे, "देवाने क्षमा केली. निवांत घरी जा."

जेवणाची घंटाही ऐकू येईना, तेव्हा मठप्रमुखांनी बळेच कानाला यंत्र बसवलं. त्या रविवारी जाळीपलीकडचा आवाज स्वच्छ आला. एक बाई म्हणत होती, "फादर, दर आठवड्याला विचारते आणि तुमचा शब्द मानून परत जाते. पण काल नवऱ्याने पोरीचाही हात मोडला. आजही घरीच जाऊ?"