खड्डं पाठ, म्हस न्हाय

सिद्राम अण्णांचा अर्ज नामंजूर झाला.

ते राहू दे. असा अर्ज कधी झालाच नाही असं धरून चालू. चौऱ्याऐंशी साली, त्या दुपारी निपाणीच्या गॅरेजात जीप येऊन थांबली, तेव्हा तरी अण्णांच्या डोक्यात अर्ज नव्हता. बल्ब होते.

भरमा मिस्त्री कुठल्याशा ट्रकखाली होता. बाहेर आला तेव्हा अण्णा बॉनेटवर हात टेकून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यांची बायको गंगव्वा पिशवी मांडीवर घेऊन आतच बसलेली. गॅरेज नवं, भरमाही नवा. त्यांची ही पहिलीच गाठ.

"हॅलोजन घाल," अण्णा म्हणाले. "हळद सांडल्यागत उजेड पडतोय म्हणती ही."

"जुनी जीप हाय, अण्णा. नुसता बल्ब बदलून भागत न्हाय. वायर जाड वढाय पायजे, रिले बसवाय पायजे. न्हायतर स्विचचा कोळसा."

"मग बसीव की. म्या कुठं नगं म्हटलं?"

जीप मूळची बांधकाम खात्याची. अण्णाही खात्याचेच. निपाणी-कोगनोळी रस्ता रुंद झाला तेव्हा ते खडी फोडायला होते, मग रोलरवर, मग साहेबांच्या जीपवर. जीप लिलावात निघाली आणि अण्णांनीच ती घेतली. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. त्या रस्त्यावरचा खड्डा नि खड्डा त्यांना पाठ. खड्ड्यांना नावंही होती: ज्या ओव्हरसियरच्या कारकिर्दीत खड्डा पडला, त्याचं नाव. हिरेमठ, जमखंडी, थोरला रायकर, धाकटा रायकर. माणसं बदली होऊन गेली, खड्डे मात्र जागेवरच राहिले.

"खड्डं पाठ आसत्यात," गंगव्वा आतून म्हणाली. "म्हस पाठ नसती."

हे म्हशीचं प्रकरण साधं नव्हतं. मागच्या महिन्यात त्यांच्या वाडीतल्या तानीबाईच्या सुनेला बाळंतपणासाठी निपाणीला आणताना, तिन्हीसांजेला म्हैस आडवी आली. जीप, सून आणि म्हैस, तिघीही वाचल्या. चौथी तिथंच जन्मली, मागच्या सीटवर. तेव्हापासून गंगव्वानं बजावलेलं: दिवे बदला, नाहीतर दिवस मावळला की जीप गोठ्यात. आणि वाडीत दुसरं वाहन म्हणजे एक सायकल होती. तिलाही ब्रेक नव्हता. पुढच्या महिन्यात आणखी दोघी अवघडलेल्या होत्या, आणि बाळं काही उजेड बघून येत नाहीत.

भरमानं खोक्यातून बल्ब काढला. अण्णांचा हात लगेच पुढं गेला.

"ओ, ओ! काचंला बोट न्हाय लावायचं! हाताचं त्याल लागलं की आठ दिसात जातोय."

"मग बघू कसा?"

"डोळ्यानं बघा की!"

गंगव्वाला ठसका लागला. अण्णांनी हात मागं घेऊन सदऱ्याला पुसला.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "झ्याक दिसतोय."

वायरी ओढून होईपर्यंत उन्हं कलली. मग भरमानं गॅरेजचं दार ओढून आत अंधार केला. जीपचं तोंड भिंतीकडं होतं.

"आता झोत लावायचा. चालवणाऱ्याच्या जागेवर माणूस पायजे. वजनानं दिवं वर-खाली हुत्यात. अण्णा, बसा."

"ती बसलीया की. तिच्या वजनावर लाव."

"तुमचं आन आक्कांचं वजन सारखं हाय व्हय?"

"घरात तिचंच जास्त हाय."

भरमा हसत हसत स्क्रू पिळू लागला. दिवे लागले. अण्णा पुढं झाले आणि काचेसमोर तळहात धरला, थंडीत शेकोटीपुढं धरावा तसा. मग समाधानानं मान हलवली.

"कसं गं?"

"भितीवरची बिडीची जाहिरात वाचाय येतीया. खालची बारकी अक्षरं बी."

"मग झालं."

परतीच्या वाटेवर अण्णा भलतेच खुशीत होते.

"आता हिरेमठ आला. डावीकडनं."

जीप डावीकडनं गेली.

"थोरला रायकर. दुसरा गिअर."

दुसरा गिअर पडला.

"म्हस," गंगव्वा म्हणाली.

जीप लांबूनच थांबली. म्हैस सावकाश रस्ता ओलांडून गेली असावी, कारण इंजिन बराच वेळ जागेवरच घुरघुरत होतं. मग अण्णा एकटेच हसायला लागले. इतके हसले की गंगव्वानं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

कोगनोळीच्या नाक्याजवळ शिट्टी वाजली. नवा उजेड कुणाच्या तरी डोळ्यांत गेला होता.

"लायसन?" आवाज तरुण होता. साहेब असावा, बूट करकरत होते.

अण्णांनी खिशातून काढून दिलं. कागद उलटसुलट फडफडला.

"सिद्राम म्हणजे तुम्हीच?"

"व्हय साहेब. सत्तावीस वर्सं. गाडीला एक वरखडा न्हाय."

"याची मुदत संपलीय."

"कागदाची संपली आसंल."

बूट एकदा अण्णांच्या बाजूनं करकरले, एकदा गंगव्वाच्या बाजूनं.

"आज जावा," साहेब हळू आवाजात म्हणाला. "पण नूतनीकरणाचा अर्ज करा."

"त्यात काय लिवायचं?"

"खरं असेल ते लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ओट्यावर बसून अर्ज सांगितला आणि गंगव्वानं लिहिला. ती चौथी पास होती, आणि सरकारी कागदात 'सदर' कमी पडू नये यावर तिचा कटाक्ष होता. अर्ज असा:

"मा. परिवहन अधिकारी साहेबांचे सेवेशी. सदर अर्जदाराची दोन्ही डोळ्यांची नजर सन १९७९ साली काचबिंदूने पूर्ण गेली असून, तेव्हापासून सदर जीप सदर पत्नी चालवते व सदर अर्जदार शेजारी बसून रस्ता सांगतो. पत्नीस खड्डे पाठ नाहीत व अर्जदारास म्हैस दिसत नाही, सबब दोघांस वेगवेगळे लायसन देऊन उपयोग नाही, तरी सदर जुन्या लायसनवर 'डोळे: पत्नीचे' एवढीच नोंद करून ते पुढील पाच वर्षांकरिता वाढवून मिळावे, ही नम्र विनंती."