नावाची पट्टी

ओरेस्ट वासिलिकने त्रेसष्ट नंबरचा शर्ट स्टेफ्काच्या शिलाई मशीनवर टाकला आणि पाठीवरची नावाची पट्टी उसवायला सांगितली.

"आता कुठला?" तिने मान वर न करता विचारलं.

"पहिलाच. नऊ."

संघाचे कपडे बावीस वर्षं तीच सांभाळत होती. चेंडू हाताने फेकायच्या कॅनडातल्या फुटबॉलमध्ये जागेप्रमाणे नंबर मिळतो. फेकणाऱ्याला नऊ, झेलणाऱ्याला त्र्याऐंशी, फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन धक्के खाणाऱ्याला त्रेसष्ट. ओरेस्ट आला तेव्हा नऊ होता. पण आमच्याकडे फेकायला अमेरिकेहून माणसं आणतात. त्याला आधी झेलायला पळवलं, मग भिंत व्हायला खायला लावलं. दर वेळी स्टेफ्काने तीच पट्टी नव्या शर्टावर शिवली होती.

प्रत्येक संघात ठरावीक देशी खेळाडू लागतात, पण फेकणारा त्यांत धरत नसत. यंदा तो नियम बदलला होता. फेकणारा कॅनडाचा असेल, तर तोही देशी खेळाडूंत मोजला जाणार होता. निवड शिबिराचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी यादी लागणार आणि तीत नाव नसेल त्याने सामान उचलायचं.

सराव संपताच ओरेस्ट प्रशिक्षक कॅल्डरपुढे उभा राहिला. एकदाच फेकून दाखवतो, म्हणाला. पोरं हसली. तो चेंडू आहे, बटाटा भरलेली पेरोगी नाही, खाऊ नकोस, असं एकजण ओरडला. कॅल्डरने चेंडू दिला.

ओरेस्टने बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या दातांनी सोडवल्या. मैदानाच्या टोकाला पाण्याचं रिकामं पिंप होतं. चेंडू वारा कापत गेला आणि नेमका त्यात पडला. दुसराही पडला. मग कुणी हसलं नाही.

"हात चांगला आहे तुझा," कॅल्डर म्हणाला. "बारा वर्षांत बोलला नाहीस."

"बोललो होतो. तुम्हालाच."

कॅल्डरने त्याच्या पोटाकडे बोट केलं. "आणि हे घेऊन पळणार कसा?"

"तीस किलो वाढव, असं तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं होतं. तू वाढवलंस." कॅल्डरने त्याची पाठ थोपटली, खिशातून एक बंद पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "खाली जातोच आहेस, तर हे स्टेफ्काला दे."

स्टेफ्काने नऊ नंबरचा शर्ट मशीनवर पसरून ठेवला होता. सुईत दोराही ओवला होता. ओरेस्टने पाकीट तिच्यापुढे ठेवलं. त्यातून नावं छापलेल्या दोन नव्या पट्ट्या निघाल्या. एक नऊसाठी, एक त्रेसष्टसाठी.

तिने दोन्ही वाचल्या. दोन्हींवर दुसऱ्यांची नावं होती.

"तुझी?" तिने विचारलं.

ओरेस्टने त्रेसष्टवरून उसवलेली आपली जुनी पट्टी उचलून उजेडात धरली. कडेने सुईच्या भोकांच्या तीन ओळी होत्या. त्यांतून खिडकी दिसत होती.