देवीचा आरसा

देवीला नटवून झालं की तिला आरसा दाखवायचा, पण धरणाऱ्याने त्यात डोकावायचं नाही, ही डोंगरावरच्या त्या देवळाची जुनी रीत.

पुजाऱ्याच्या मनात मात्र धाकट्या भावाबद्दल पाल चुकचुकत होती. जागेवरून न हलणाऱ्या मूर्तीचे नवेकोरे पैंजण महिन्याभरात झिजतातच कसे?

"बायकोला नेऊन घालतोस ना?" त्याने एकदा विचारलंही. भावाने कानांवर हात ठेवले.

आज देवीला आरसा दाखवताना भावावर नजर ठेवायला पुजाऱ्याने तो हळूच तिरका केला. आरशात भाऊ निमूटपणे समई पुसत होता. शेजारचं देवीचं आसन रिकामं होतं.

पुजाऱ्याच्या पाठीशी पैंजण वाजले.

भावाने मान वर केली आणि त्याच्या हातातली समई निसटली.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "आरसा हलवू नकोस. ती अजून बघतेय."