आधी डिग्री

स्पेनच्या एका क्लबने ओजसला बास्केटबॉल खेळायला बोलावलं, तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. हरीश म्हणाला, "आधी डिग्री. क्लब कुठे पळून जातोय?" "ठीक आहे" म्हणायच्या आयरिश पद्धतीने ओजस नुसता "ग्रँड, बाबा" म्हणाला आणि डिग्रीसाठी थांबला. पण रोज संध्याकाळी, भर पावसातही, आयर्लंडमधल्या नास गावातल्या त्यांच्या घरामागच्या बास्केटमध्ये तो नेमाने बॉल टाकत राहिला. किचनच्या खिडकीतून बघताना हरीशला बरं वाटायचं. पोराने जिद्द सोडली नव्हती.

काल पदवीदान झालं. आज सकाळी हरीशने स्वतःच क्लबला फोन लावला. तिकडचा माणूस अगदी नीट बोलला. ती जागा तेव्हाच भरली होती, आणि आता त्यांना याच्याहून लहान मुलं हवी होती.

संध्याकाळी ओजस बॉल घेऊन निघाला, तसं हरीशने त्याला दारातच थांबवून फोनचं सांगितलं.

"माहितीये मला, बाबा. आत्ता नाही तर कधीच नाही, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग रोज कशाला खेळत होतास?"

ओजसने बॉल हळूच कोपऱ्यात ठेवला.

"तू खिडकीतून बघत असायचास ना."