मागच्या रांगेतला जार

“नाक्यावरच्या चहावालीले एक जार देऊन आली मी,” रीना म्हणाली.

सौरवचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. मालाने भरलेला ट्रक उमरेड रोडवर मंदावला. मागून येणारी एसटी हॉर्न वाजवत बाजूने निघून गेली.

“कोणता जार?”

“पाण्याचा. आपल्याकडे इतके आहेत. तिच्याकडचं पाणी संपलं होतं अन् पोलिसवाले चहा मागून राहिले होते. म्हटलं, घे बाई.”

भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यातलं लग्न होतं. मंडपाचा धंदा सौरव-रीनाचाच, कामही दोघांचंच. ट्रकमध्ये बांबू, कापड, छोटे जनरेटर, स्वयंपाकाच्या बाया आणि लग्नात ठेवतात ते थंड पाण्याचे निळे जार होते. पुढच्या रांगेतल्या जारांत पाणी होतं. मागच्या रांगेत जनरेटरचं पेट्रोल होतं.

पेट्रोल असं प्लास्टिकमधून न्यायचं नसतं. ज्या गाडीत माणसं बसवलीत तिच्यात तर नाहीच. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घट्ट झाकणाचे लोखंडी कॅन आणा, ते हलू नयेत असे बांधा, बायांसाठी वेगळी गाडी करा, एवढा व्याप त्याला नको होता. रीनाला त्याने सगळं पाणीच असल्याचं सांगितलं होतं. नाक्यावर मारोतराव हवालदाराने जारांकडे बोट केलं, तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. हवालदाराचा विश्वास बसला नव्हता. तो रीनाकडे वळला होता.

“पाणीच आहे भाऊ,” ती हसून म्हणाली होती. “देऊ काय गिलासभर?”

त्या हसण्यानेच काम केलं होतं. सौरव कागद दाखवायला टेबलाकडे गेला आणि रीना बायांना पाणी द्यायला मागे चढली. परत येऊन केबिनमध्ये बसली ती गप्पच होती. उन्हाने थकली असेल, असं त्याला वाटलं होतं.

“कोणत्या रांगेतला दिला?”

“मागच्या. पुढच्या जारांवर बायांनी पाय ठेवले होते.”

सौरवने ट्रक कडेला घेतला. चहावालीची शेगडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. शेगडीला लागूनच पाण्याची बादली होती. झाकण काढताच वास येईल तिला, त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण पेटलेल्या शेगडीजवळ झाकण काढणं, एवढंच पुरेसं होतं.

“फोन लाव. एकशे बाराले लाव.”

“रेंज नाही इथं.”

तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता मोकळा होता. पुढे गेलो तर? नाक्यावर दिवसभर शंभर गाड्या थांबतात. कोणाचा जार होता, हे सांगायला चहावाली उरणारच नाही. हा विचार मनात आला आणि तो जागच्या जागी हादरला. आपल्या डोक्यात असं काही येऊ शकतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्याने रीनाकडे पाहिलं. ती पदर मुठीत आवळून काचेबाहेर पाहत होती.

त्याने स्टिअरिंग फिरवलं.

परतीचा रस्ता संपता संपेना. लांब कुठे धूर दिसला की तो ॲक्सिलरेटर आणखी दाबायचा. एकदा तर धूर अगदी रस्त्यालगत दिसला; जवळ गेल्यावर कळलं, बांधावर कोणी तरी कचरा जाळत होतं. नाका दिसला तेव्हा टपरीची शेगडी पेटलेली होती. पातेल्यातून वाफ निघत होती. बाकावर हवालदार बसला होता.

ट्रक लांबच उभा करून सौरव धावत सुटला.

“शेगडी बंद करा! जारात पेट्रोल आहे!”

बाक उलथला. माणसं दाही दिशांना पळाली. चहावाल्या रंभाबाईने शेगडी बंद केली आणि हातातल्या गाळणीसकट ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. सौरव टपरीत शिरला. त्याने फळीखाली पाहिलं, बादलीमागे पाहिलं, पोतं उचकून पाहिलं. जार नव्हता.

“जार कुठं आहे?”

“कोणता जार गा?” रंभाबाई रस्त्यापलीकडूनच ओरडली. “मले कोणी काहीच नाही दिलं.”

हवालदार सावकाश पुढे आला. त्याने सौरवकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या ट्रककडे.

“मघा पाणी म्हणाला होता तू.”

“पेट्रोल आहे साहेब. मागची सगळी रांग.” स्वतःचाच आवाज सौरवला परका वाटला.

हवालदाराने हात पुढे केला. सौरवने ट्रकची चावी त्यावर ठेवली.

दोघे ट्रकपाशी आले तेव्हा फाळका उघडलेला होता. रीना एकेका बाईला हात धरून खाली उतरवत होती. त्यांच्यातली रुख्मिणीबाई डोकं दाबत उतरली. निघाल्यापासून पेट्रोलच्या वासाने डोकं फुटायला आलं होतं, म्हणाली, पण सांगणार कोणाला. उतरलेल्या बाया कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. एकीला उलटी झाली.

सौरव बायकोजवळ गेला.

“रीना, चहावालीले जार दिला म्हणाली होती तू.”

“नव्हता दिला.” शेवटच्या बाईचा हात तिने सोडला नाही. “बायांले पाणी द्यायले चढली, तवा पेट्रोलचा वास आला मले. नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं, तर थांबले असते काय तुमी?”